‘त्या काळाच्या मानाने चांगलं’ हे आता पुरे

जुन्या साय-फाय सिनेमांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच: ‘त्या काळाच्या मानाने इफेक्ट्स चांगले होते.’ माझा या वाक्यावर राग आहे. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ १९६८ चा आहे आणि त्यातली यानं आजच्या मानानेही चांगली आहेत. उलट १९७६ च्या ‘लोगन्स रन’ला इफेक्ट्ससाठी विशेष ऑस्कर मिळालं, पण त्यातलं घुमटाखालचं शहर तेव्हाही टेबलावर मांडल्यासारखंच दिसत असणार. फरक काळाचा नाही. आपल्या तंत्राची खोट कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं आणि कुणाला नव्हतं, एवढाच आहे.

तेव्हा यानं आणि शहरं म्हणजे छोटी मॉडेल्स असत, आणि मॉडेल लहान आहे हे डोळा सगळ्यात आधी वेगावरून ओळखतो. मॉडेल छोटं करता येतं, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. १/१६ मापाची इमारत पाडली तर ती खऱ्या इमारतीच्या चौपट लवकर जमिनीवर येते, कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम्सवर शूट करायचं आणि २४ वर दाखवायचं. १/२५ मापाला १२० फ्रेम्स. हे गणित चुकलं की पत्त्यांचा बंगला कोसळल्यासारखं वाटतं, मग रंगकाम कितीही बारीक असो. पाण्याला मात्र हा उपाय पुरत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, त्यामुळे १/१६ च्या समुद्रात उडालेला साधा थेंब क्रिकेटच्या चेंडूएवढा दिसतो. जुन्या सिनेमांतली बुडणारी शहरं इथेच मार खातात.

अंतराळात काही पडत नाही, पण तिथे फोकसची पंचाईत. कॅमेरा मॉडेलपासून दोन फुटांवर असला की नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर, आणि धूसर शेपूट म्हणजे खेळणं. उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अगदी बारीक करणं. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवायची, म्हणजे मॉडेल किंवा कॅमेरा गोगलगायीच्या वेगाने पण न अडखळता सरकला पाहिजे. ‘२००१’ मध्ये दिग्दर्शक कुब्रिकच्या टीमने हेच केलं. त्यातल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं, आणि एकेका फ्रेमला काही सेकंद एक्स्पोजर दिलं जाई.

त्याहून मोठी हिंमत पुढे आहे. नेहमीच्या पद्धतीत यान, तारे, खिडकीतली माणसं वेगवेगळी चित्रित करून ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्मवर कॉपी करणाऱ्या यंत्रावर, एकत्र करत. प्रत्येक कॉपीत ग्रेन (फिल्मचे दाणे) आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. जुन्या सिनेमात इफेक्ट सुरू व्हायच्या क्षणी चित्र एकदम खरखरीत होतं ते यामुळे. कुब्रिकने शक्य तिथे कॉपीच टाळली. एक भाग शूट केलेली निगेटिव्ह न धुता ठेवायची आणि पुढचा भाग त्याच निगेटिव्हवर. दुसऱ्या खेपेला काही बिघडलं तर पहिलीची मेहनतही गेली.

‘२००१’ च्या सुरुवातीच्या आदिमानवांच्या भागातला फ्रंट प्रोजेक्शनचा, म्हणजे पार्श्वभूमीचं चित्र समोरून पडद्यावर टाकण्याचा प्रकार तर नीट समजून घ्यावा असा आहे. आफ्रिकेत काढलेली ८×१० इंची पारदर्शिका, ४५ अंशात अर्धपारदर्शक आरसा, आणि मागे काचेच्या सूक्ष्म मण्यांचा पडदा, जो प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. चित्र नटांच्या अंगावरही पडतं, पण इतकं फिकट की सेटच्या दिव्यांत पुसलं जातं. नटाची सावली दिसत नाही, कारण प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच अक्षावर असल्याने ती बरोबर नटाच्या मागे लपते. अक्ष जरासा हलला तर कडेला काळी रेघ उमटते. बिबट्याचे डोळे चमकतात ती मात्र गफलतच: त्याच्या डोळ्यांनीही प्रकाश पडद्यासारखाच परत पाठवला. ती चमक ठेवली, हे बरंच झालं.

(भौतिकशास्त्राच्या भक्तांसाठी: ‘२००१’ च्या यानातलं, फिरण्यातून वजन भासवणारं चाक सुमारे ३८ फूट व्यासाचं होतं. तेवढ्या चाकात पृथ्वीएवढं वजन जाणवायला मिनिटाला बाराच्या वर फेऱ्या हव्यात, आणि तरी डोक्यापाशी वजन पायांपेक्षा चांगलंच कमी. अंतराळवीर व्यायाम करण्याऐवजी ओकत बसला असता.)

‘ब्लेड रनर’च्या (१९८२) सुरुवातीच्या कारखान्यांच्या पसाऱ्यात मागच्या बऱ्याचशा इमारती कोरीव पितळेच्या सपाट आकृत्या आहेत. खोली काही मीटरची, मग मैलांचं अंतर आलं कुठून? धुरातून. लांबची वस्तू हवेमुळे फिकी होते, ते काम खोलीत धूर करतो. पण दिव्यांचा, आगीचा, मॉडेलचा पास (कॅमेऱ्याची एकेक फेरी) वेगवेगळा घेताना धूर तितकाच दाट राहायला हवा, नाहीतर थर जुळत नाहीत.

ब्लू स्क्रीनमध्ये, म्हणजे निळ्या पडद्यापुढे यान चित्रित करून दुसऱ्या चित्रावर बसवताना, मात्र काळ्या अवकाशाने खूप पापं झाकली. यानाभोवतीची काळी कड काळ्यावर दिसत नाही. १९८० च्या ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये यानं पांढऱ्या बर्फावर आली आणि कडा उघड्या पडल्या. कड झाकायला मॅट (यानाच्या जागी मागचं चित्र अडवणारा मुखवटा) थोडा पातळ ठेवला, तर कॉकपिटच्या चौकटीतून आरपार बर्फ दिसू लागला. १९९७ च्या आवृत्तीत हे दुरुस्त केलंय. त्या आवृत्तीतली माझ्या मते ही एकमेव गरजेची दुरुस्ती.

बघायचेच असतील तर आवृत्ती पाहून घ्या. ‘ब्लेड रनर’ची २००७ ची फायनल कट, निवेदनाचा आवाज असलेली १९८२ ची नंतर, कुतूहल म्हणून. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) घ्याल तर २०१० ची. ब्युनोस आयर्समध्ये सापडलेल्या १६ मिमी प्रतीतले भाग तिच्यात आहेत. ते ओरखड्यांनी भरलेत, पण त्यांच्याशिवाय कथेची टोकं जुळत नाहीत.

आणि टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा. ते मधल्या फ्रेम्स स्वतः बनवतं, आणि एवढ्या मेहनतीने साधलेली हालचाल नकली वाटू लागते. शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन अगदी कमी. ब्राइटनेस वाढवलेला असेल तर जुन्या ‘स्टार वॉर्स’मध्ये यानांभोवती करडे चौकोन तरंगताना दिसतील, ते मॅटचे आहेत. चौकोन काळ्यात विरेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा, पण काळ्या पोशाखांच्या घड्या दिसेनाशा होऊ लागल्या की थांबा.