चालीचं सातत्य नव्वदच्या वर, म्हणून गुडघे ठणठणीत?

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपांत सध्या एक संदेश फिरतोय. मोबाइल खिशात ठेवून चाला, ॲपने 90 टक्क्यांच्या वर 'सातत्य' दाखवलं की खुबा, गुडघा, घोटा यांचा मेळ उत्तम, डॉक्टर नको. शिवाय प्रत्येक पाऊल तंतोतंत सारखंच पडलं पाहिजे म्हणे.

"मोबाइल सांध्यांचा मेळ मोजतो." नाही मोजत. खिशातला फोन हिसके टिपतो, त्यावरून पावलांचा ठेका कळतो. गुडघा किती वाकला आणि त्या क्षणी खुबा कुठे होता, हे त्याला कळत नाही. ताठ पाय बाहेरून फिरवून टाकणारा माणूसही ठेका अचूक धरू शकतो.

"90 च्या वर म्हणजे निरोगी." खरी गफलत इथे आहे. (हा 90 कुठून आला, हे संदेशात नाहीच.) मेळ मोजायला दोन्ही सांध्यांचे कोन एकाच वेळी टिपावे लागतात. आलेखावर खुब्याचा कोन आडवा, गुडघ्याचा उभा मांडला की चालीच्या प्रत्येक आवर्तनाचा (एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंत) एक बंद फास उमटतो. फील्ड-फोट आणि टेपावॅक या संशोधकांनी 2002 मध्ये मज्जारज्जूला अंशतः इजा झालेल्या रुग्णांसाठी वापरलेल्या पद्धतीत या फासाचे बारीक तुकडे करतात आणि आवर्तनाच्या त्याच टप्प्यावर प्रत्येक वेळी तुकड्याची दिशा तीच आहे का, हे पाहतात. सगळ्या दिशा जुळल्या तर 1, विखुरल्या तर आकडा 0 कडे. म्हणजे तुमची चाल स्वतःशीच किती जुळते, एवढंच त्यातून कळतं. पाय पुढे टाकताना निरोगी गुडघा साधारण 60 अंश वाकतो. एखाद्याचा दर वेळी जेमतेम 20 अंश वाकत असेल, तरी आकडा झकास येईल. दोष दिसेल तो चपट्या फासात, आकड्यात नाही.

"प्रत्येक पाऊल तंतोतंत सारखं हवं." धडधाकट तरुणाच्याही आवर्तनाची वेळ एखाद-दोन टक्क्यांनी मागेपुढे होतेच. वयस्कांत हा फरक फार वाढला, तर पडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मोजणं निरुपयोगी नाही.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आकडा घसरला म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एवढंच: पायऱ्यांवर गुडघा सपाटीपेक्षा जास्त वाकतो. तुलना करायची तर त्याच वेगाने, सपाट रस्त्यावर.

आणि ॲप 95 दाखवत असताना जिना उतरताना गुडघा दुखत असेल, तर खुशाल फिजिओथेरपिस्टला दाखवा.