पी हळद, हो चॅम्पियन

अभिनंदन, मालक! अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या 32 संघांपैकी एक आता तुमच्या नावावर झाला. विमान झालं, बोट झाली, राहिलं होतं ते एवढंच. संघ गाळात आहे हे खरं, पण तुम्ही आलात म्हटल्यावर तो किती दिवस तिथे राहणार? आता जो तो एकच विचारतोय: संघ बांधणार कसा? ड्राफ्टमधून कॉलेजची पोरं निवडून, की फ्री एजन्सीच्या बाजारातून तयार गडी उचलून?

जाणकार म्हणवणारे सांगतील की पाया ड्राफ्टनं घालावा, उरलेली भोकं बाजारातून बुजवावीत आणि तीन-चार वर्षं कळ काढावी. अशा माणसांना स्टेडियमच्या दारातच अडवा. कळच काढायची होती तर इतके पैसे घालून मालक कशाला झालात?

आधी थोडा इतिहास, म्हणजे पत्रकारांपुढे अडायला नको. ड्राफ्टची कल्पना काढली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी. जो संघ तळाला, त्यानं नव्या खेळाडूंतून सर्वांत आधी निवड करावी, अशी ही सोय. त्या वेळी तळाला कोणाचा संघ होता, हे वेगळं सांगायला नको. 1936 साली पहिला ड्राफ्ट झाला. ईगल्सनी पहिल्या क्रमांकावर जे बर्वँगर हा कॉलेज फुटबॉलचा हिरा निवडला आणि तो एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. ही परंपरा पुढे अनेक संघांनी निष्ठेनं सांभाळली. फ्री एजन्सी मात्र अलीकडची. करार संपल्यावर हवं तिथं जाण्याचा हक्क मिळवायला खेळाडूंना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तो खऱ्या अर्थानं हाती आला 1993 मध्ये. पुढच्याच वर्षी सॅलरी कॅप आली, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर 3 कोटी 46 लाख डॉलरची मर्यादा. 2025 मध्ये ती 27 कोटी 92 लाखांवर पोचली होती. म्हणजे उधळायला भरपूर वाव आहे.

मार्चमध्ये बाजार उघडतो. तिथे खेळाडू घ्यायचा नसतो, नाव घ्यायचं असतं. आपल्या पद्धतीत हा गडी बसतो का, त्याच्या गुडघ्यांचं काय, असल्या शंका प्रशिक्षकांना काढू द्या. त्यांना दुसरं काम काय आहे? या बाबतीत डॅन स्नायडर यांना गुरू माना. त्यांनी 1999 मध्ये वॉशिंग्टनचा संघ घेतला. त्या हंगामात संघ 10 सामने जिंकून प्लेऑफमध्येही (बाद फेरीत) गेला होता, म्हणजे सुधारणा करायची वेळ आलीच होती. 2000 मध्ये त्यांनी डिऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ, मार्क कॅरियर, जेफ जॉर्ज अशी भारदस्त नावं गोळा केली. सँडर्स तेहतिशीकडे झुकलेले. त्यांना सात वर्षांचा 5 कोटी 60 लाखांचा करार. संघ 8 जिंकला, 8 हरला, प्रशिक्षक हंगाम संपण्याआधीच घरी गेले, आणि सँडर्स एका वर्षात निवृत्त झाले. सात वर्षांच्या करारातलं एक वर्ष तरी खेळले, हे विसरू नका.

गुरूंची खरी कमाल मात्र 2009 ची. टेनेसीहून बचावपटू अल्बर्ट हेन्सवर्थ आणले: सात वर्षं, 10 कोटी डॉलर, त्यातले 4 कोटी 10 लाख काहीही झालं तरी द्यायचे. ‘काहीही झालं तरी’ हे शब्द हेन्सवर्थ यांनी मनावर घेतले. दुसऱ्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, नवी बचावपद्धत आली, आणि आपण या पद्धतीसाठी आलोच नव्हतो असं त्यांचं म्हणणं पडलं. मग धावण्याची एक चाचणी होती, ती पास व्हायलाच दिवसामागून दिवस गेले. हंगामाचे शेवटचे चार सामने ते निलंबित होते. 2011 मध्ये न्यू इंग्लंडनं त्यांना घेतलं, बदल्यात दोन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली पाचव्या, म्हणजे बरीच उशिराच्या, फेरीची एक निवड दिली. घेताना 10 कोटी, विकताना पाचवी फेरी. भंगारवाला याहून बरा भाव देतो, पण भंगारवाल्याकडे पत्रकार परिषद होत नाही, आणि मालक, तुम्हाला मार्चमधली पत्रकार परिषदच तर जिंकायची आहे.

कोणी म्हणेल, एकट्या वॉशिंग्टनची काय उदाहरणं देता. मग 2011 चे ईगल्स घ्या. बचावपटू नामदी असोम्वा पाच वर्षांसाठी 6 कोटींना, शिवाय आणखी बरेच मोहरे. राखीव क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) म्हणून आलेल्या व्हिन्स यंगनं त्या संघाला ‘ड्रीम टीम’ म्हणून टाकलं आणि देशभर तेच नाव चिकटलं. या महागड्या बचावफळीचा प्रमुख कोण? वर्षानुवर्षं आक्रमणाच्या फळीला शिकवत आलेले हुआन कॅस्टियो. (अशी बढती द्यायला मोठं काळीज लागतं.) निकाल 8-8, पुढल्या वर्षी 4-12, आणि मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांना नारळ. ते तिथून कॅन्सस सिटीला गेले आणि त्यांनी तिथे काय केलं, ते तुमच्या चाहत्यांना कळू देऊ नका. त्याच 2011 मध्ये ईगल्सनी ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, 191 व्या क्रमांकावर, जेसन केल्सी नावाचा एक सेंटर (आक्रमणफळीच्या मधोमध उभा राहणारा गडी) घेतला होता. त्याच्या नावानं कोणी ढोल वाजवले नाहीत. तो 13 हंगाम टिकला. असे खेळाडू धोकादायक असतात, कारण ते मिळवण्याचं श्रेय मालकाला घेता येत नाही.

आता पैशांची व्यवस्था. कॅपची काळजी करू नका. ऋण काढून सण करण्याची इतकी देखणी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. खेळाडूला साइनिंग बोनस आज रोख द्यायचा आणि हिशोबात तो पाच वर्षांवर पसरायचा. करार तेवढा लांब नसेल तर पुढे खोटी वर्षं जोडायची, ज्यांत खेळाडू तुमच्याकडे नसणार हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याला मध्येच काढलंत की उरलेली रक्कम तुमच्या डोक्यावर येते. तिला ‘डेड मनी’ म्हणतात. पण ती मेलेली नसते, दरवर्षी जेवायला येते. डेन्व्हरनं क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी ड्राफ्टच्या निवडींची रास ओतली, वर घसघशीत करार केला, आणि 2024 मध्ये त्याला काढलं तेव्हा कॅपवर 8.5 कोटी डॉलरचा डाग उरला. विल्सन पिट्सबर्गला किमान पगारावर, 12 लाख 10 हजारांत खेळायला गेला. बाकीचा पगार डेन्व्हरच देत होतं! आपल्या पैशानं दुसऱ्याचा संघ बांधण्याची ही दानत. दुर्दैवानं डेन्व्हरनं त्याच वर्षी ड्राफ्टमधून बो निक्स नावाचं पोरगं घेऊन प्लेऑफ गाठले आणि एवढ्या चांगल्या उदाहरणाचा विचका केला.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट. त्याआधी इंडियानापोलिसला कंबाइन भरतं. तिथे पोरांना चड्डीवर 40 यार्ड पळवतात, उंच उड्या मारायला लावतात, पंजाची लांबी इंचपट्टीनं मोजतात. पूर्वीच्या कांदेपोह्यांत ‘जरा चालून दाखव’ म्हणायचे, तसंच. फक्त इथे पोहे मिळत नाहीत. या मोजमापांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. 2017 मध्ये जॉन रॉसनं ते अंतर 4.22 सेकंदांत कापलं, सिनसिनाटीनं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्या हंगामात त्यानं एकही पास झेलला नाही. पुढे सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला 5.28 सेकंद लागले होते. तो 199 व्या क्रमांकापर्यंत पडून राहिला, हे योग्यच झालं.

पोरगं आवडलं की वर चढा, म्हणजे दुसऱ्या संघाचा आधीचा नंबर मागून घ्या, आणि वर चढायला काय वाटेल ते द्या. 1999 मध्ये न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या सगळ्या निवडी दिल्या, वर पुढल्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी. मग रिकीनं नवरीचा पांढरा झगा घातला, डिटका नवरदेव झाले, आणि दोघांचा फोटो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. संघ 3-13. वर्ष सरताच नवरदेवाची नोकरी गेली.

इथे एका अर्थशास्त्रज्ञापासून सावध राहा. रिचर्ड थेलर, पुढे ज्यांना 2017 चं नोबेल मिळालं, यांनी केड मॅसी यांच्याबरोबर ड्राफ्टचे हिशोब मांडले. त्यातून निघालं ते असं: सर्वांत वरच्या निवडींना संघ भलतीच किंमत देतात, एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधीचा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीहून थोडीशीच जास्त असते, आणि यंदा एक निवड हवी म्हणून पुढल्या वर्षीची मोठी निवड देऊन टाकणारे संघ जे व्याज भरतात, ते ऐकून सावकारही लाजेल. हे ऐकायला खुद्द स्नायडर यांच्या माणसांनी थेलरना गाठलं होतं. सल्ला साधा होता: खाली उतरा, निवडी वाढवा, आजची देऊन उद्याची चांगली घ्या. थेलर सांगतात की ड्राफ्टच्या दिवशी वॉशिंग्टननं नेमकं उलटं केलं. का, तर मालकांना आत्ताच जिंकायचं होतं. नोबेल मिळवणाऱ्याला हे कसं सुचलं नाही कोण जाणे.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण द्यायची मात्र मला भीती वाटते. 2021 मध्ये त्यांनी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजून ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. चारच सामन्यांत पहिल्यापासून खेळून तो दोन वर्षांत डॅलसला गेला, चौथ्या फेरीच्या बदल्यात. इथवर सगळं आपल्या पद्धतीनं. पण 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा, ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. नशीब तिथे हरले, नाहीतर लोकांना वाटलं असतं की शेवटच्या फेरीपर्यंत जागं राहावं.

आपला चांगला खेळाडू सोडायची वेळ आली तर तो शेजाऱ्याकडे जाईल असं बघा. न्यूयॉर्क जायंट्सनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे 16 कोटी दिले, आणि सेक्वॉन बार्कली महाग पडतो म्हणून 2024 मध्ये जाऊ दिला. तो गेला ईगल्सकडे, सुमारे पावणेचार कोटींवर. हा गडी फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणार नाही, असं जायंट्सचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते. बार्कलीनं त्या हंगामात चेंडू घेऊन धावत 2,005 यार्ड काढले, ईगल्सनी 2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोल 40-22 नं जिंकला, आणि जोन्सला जायंट्सनी तोवर काढूनही टाकलं होतं. त्या विजेत्या संघात बार्कली बाजारातून आलेला, क्वार्टरबॅक हर्ट्स दुसऱ्या फेरीतला, आणि सगळ्यांना आडवा येणारा जॉर्डन मायलाटा सातव्या फेरीतला, ऑस्ट्रेलियातून रग्बी सोडून आलेला. थोडं इथून, थोडं तिथून. अशा मिसळीतून मालकाची प्रतिमा कशी उजळणार?

आणि हरलात तर काय होईल, ही धास्ती मनातून काढून टाका. टीव्हीचे राष्ट्रीय हक्क विकून येणारा पैसा 32 संघांत सारखा वाटला जातो. 3-14 वाल्याला एक डॉलरही कमी मिळत नाही, उलट ड्राफ्टमध्ये पुढचा नंबर बक्षीस. स्नायडर यांच्या 24 हंगामांत वॉशिंग्टननं प्लेऑफचे दोन सामने जिंकले. दोनच. 80 कोटी डॉलरला घेतलेला तो संघ त्यांनी 2023 मध्ये 605 कोटींना विकला. तेव्हा सँडर्स घ्या, हेन्सवर्थ घ्या, पुढली तीन वर्षं गहाण टाका, प्रशिक्षक दर दिवाळीला बदला. फक्त 2000 च्या उन्हाळ्यात गुरूंनी जे केलं तेवढं चुकवू नका: संघाचा सराव बघायला येणाऱ्यांकडून माणशी 10 डॉलर घ्या, आणि गाडी लावायचे 10 वेगळे.