गुजरीतल्या (कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या) आमच्या दुकानाबद्दलच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की पाडव्याला कोल्हापुरी साजाचं बुकिंग करून २५ हजार रोख दिले, पंधरा दिवसांनी आणखी २५ हजार फोनवरून दिले, आणि साज न्यायला आलात तेव्हा दुकानाने 'अशी नोंदच नाही' म्हणून हात झटकले. हे खरं आहे. हात झटकणारा मीच. चार गिऱ्हाइकांसमोर 'ताई, पक्की पावती असेल तर दाखवा' असं मी म्हणालो आणि काउंटरवरच्या आमच्या माणसाला एक शब्दही न विचारता त्याचंच खरं धरलं. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही इथे सगळ्यांसमोर मागतो.

तुमचा रिव्ह्यू वाचला त्याच रात्री पावतीपुस्तक काढलं. २१७ नंतर एकदम २२०. मधली पानं कार्बनच्या प्रतीसकट मुळापासून काढलेली, शिलाईचा दोरा तिथे सैल पडलेला. मग तीन रात्री रोजमेळ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, ऑर्डरची वही आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून बसलो. तुमच्यासारखी आणखी चार गिऱ्हाइकं निघाली. रोख गल्ल्यात आलीच नव्हती. फोनवरचे पैसे आमच्या त्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर गेले होते. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणाऱ्या काउंटरवरच्या बॉक्सबद्दल 'बॉक्स बोलला नाही म्हणून विचारलं, तर नेटवर्क नाही म्हणाले,' असं तुम्ही लिहिलंय. जी शंका तुम्हाला उभ्या उभ्या आली, ती मालक असून मला वर्षभर आली नाही.

तो आमच्याकडे १४ वर्षं होता. वडील होते तोवर रोज रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजून रोजमेळाशी ताळा घातला जायचा. मी स्वतः काउंटरला बसलेलो असलो तरी. वडील गेल्यावर मी ते सोडलं. इतक्या जुन्या माणसाला रोज हिशोब विचारणं बरं दिसत नाही, असं मी मनाला सांगायचो. खरं म्हणजे कंटाळा होता. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायचा होता तर माझ्या पैशांपुरता टाकायचा होता. तुमच्या पैशांवर तसा विश्वास टाकायचा मला अधिकार नव्हता.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव येतं, ते तुम्ही बघायला हवं होतं, असं आमच्या घरातही एकजण म्हणाला. मला ते पटत नाही. आमच्या काउंटरवर आमच्या माणसाने पुढे केलेला कोड म्हणजे दुकानाचाच कोड.

एक गोष्ट मात्र तुमच्या समजण्यात वेगळी आहे. तुमचा साज दुसऱ्याला विकला, असं तुम्ही लिहिलंय. साज मुळात घडवलाच गेला नव्हता, ताई. ऑर्डर कारागिरापर्यंत पोचलीच नव्हती.

आता तुमचे ५० हजार जमा धरले आहेत. साज हवा असेल तर भाव पाडव्याचाच लागेल, वर चढलेला फरक दुकान सोसेल. नको असेल तर पैसे त्याच दिवशी तुमच्या खात्यावर. बाकीच्या चौघांनाही मी स्वतः फोन केले. पोलिसांत तक्रार दिली आहे. नोकराने मालकाचा असा विश्वासघात करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं. पण त्याच्याकडून वसुली होते की नाही, हे माझं मी बघेन. त्यासाठी तुम्ही थांबायचं नाही. रात्रीचा ताळा पुन्हा सुरू केलाय आणि त्यावर रोज माझी सही असते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की नमुन्याला दिलेलं आईच्या साजातलं मासोळीचं पानही गेलं. ते गेलेलं नाही. त्याच्या ड्रॉवरमध्ये मागच्या बाजूला गुलाबी कागदाच्या पुडीत सापडलं. कडेला थोडं चेपलंय, आत भरलेली लाख शाबूत आहे. पुडी आता माझ्या तिजोरीत आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय ती कारागिराकडेही जाणार नाही. घरी आणून देऊ, की तुम्ही येताय?