काच लागायच्या आधी

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकीनं दुबईचा व्हिडिओ टाकला. बुर्ज खलिफावर रोषणाई, खाली नाचणारी कारंजी, आणि वर ओळ : 'इच्छाशक्ती असली की वाळवंटातही स्वर्ग उभा राहतो. आपल्याकडे नुसते मोर्चे.' नऊ वाजेपर्यंत खाली टाळ्यांची रांग लागली होती. अनोळखी लोकांनी वाजवल्या असत्या तर सोडून दिलं असतं. पण ह्या माझ्या मैत्रिणी आहेत. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देणाऱ्या बायका आहेत ह्या. म्हणून जास्त लागलं.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस मी आईला घेऊन दुबईला गेले होते. बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर गेलो. लिफ्ट मिनिटभरात वर नेते, कानात दडे बसतात. आईनं काचेला कपाळ टेकवून खाली पाहिलं आणि 'बापरे' म्हणाली. मीसुद्धा भारावले होते, खोटं कशाला बोलू. आदल्या दिवशी मॉलमध्ये बर्फावर घसरणारी माणसं बघितली होती, पेंग्विन बघितले होते, बाहेर पारा चव्वेचाळीसवर असताना.

खाली आल्यावर मेट्रोकडे निघालो. मॉलपासून स्टेशनपर्यंत पाऊण किलोमीटरहून लांब बंद पूल आहे, आत गारेगार. आमचा मात्र रस्ता चुकला आणि भलत्याच जिन्यानं आम्ही रस्त्यावर उतरलो. दुपारचा एक वाजला होता. शंभर पावलं चाललो असू, आई थांबली. 'गं, मला काही सुधरत नाहीये,' म्हणाली. मी टॅक्सी शोधतेय, हात थरथरतायत, आणि मागून मराठीत आवाज आला, 'मावशी, इकडं सावलीत या. बसा आधी.'

रस्त्याकडेच्या हिरवळीचं काम करणारा माणूस. चाळिशीचा, डोक्याला ओला रुमाल, बाजूला ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं. खेडजवळच्या गावचा. आईला आपल्या पुठ्ठ्यावर बसवून त्यानं स्वतःच्या थर्मासमधलं पाणी दिलं. १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा तिथं नियम आहे, म्हणून तो त्या वेळी सावलीत होता. नियम चांगला आहे, मान्य. अकरा वाजताचं ऊन काही वेगळं नसतं, एवढंच.

आईला बरं वाटल्यावर तिनं त्याला विचारलं, 'वर गेला होतास का रे कधी?' म्हणजे टॉवरवर. तिला वाटलं, बिचाऱ्याला तिकीट परवडत नसेल.

तो हसला. म्हणाला, 'मावशी, मी गेलोय. काच लागायच्या आधी.'

२००६ साली तो बावीस वर्षांचा असताना तिथं आला. सेंटरिंगच्या कामावर. एजंटला द्यायला घरची आंब्याची कलमं गहाण टाकली होती. पगार ठरला होता त्यापेक्षा कमी निघाला, ६०० दिरहम. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे आणि त्यात बर्फ घालायचे, नाहीतर ते वेळेआधीच घट्ट व्हायचं. 'काँक्रीटला बर्फ, आम्हाला मीठ-लिंबू,' असं तो म्हणाला, आणि तक्रारीच्या सुरात नाही हं, आठवण सांगावी तसा. मग हात वर करून दाखवलं. 'त्या आडव्या पट्ट्या दिसतात ना? खालून चौथी. तिच्या वर होतो आम्ही. तुम्ही आज जिथं उभ्या होतात, तिथंच कुठंतरी. वारा असा की कान बंद. खाली नुसती वाळू.'

त्या इमारतीला २४ हजारांहून जास्त काचा आहेत, आणि दर पर्यटकाला ते कौतुकानं सांगतात. काचेच्या आधी तिथं कोण उभं होतं, ते विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आता मला सांगा, इच्छाशक्ती कुणाची? ८२८ मीटर चढली ती कुणाच्या पायांनी? एका वेळी बारा हजार माणसं त्या इमारतीवर राबत होती. अमिरातीत आज पस्तीस लाखांच्या वर भारतीय आहेत. आणि तुम्ही म्हणता, 'आपल्याकडे नुसते मोर्चे.' अगं, आपलीच माणसं आहेत ती! तिथं मोर्चा काढता येत नाही, संप केला तर परत पाठवतात, एवढाच फरक आहे.

'दुबई शून्यातून उभी केली' म्हणे. शून्य कसलं? खाडीवरचं बंदर होतं, मोत्यांचा व्यापार होता, आणि ते मोती मुंबईला यायचे. १९६६ पर्यंत तिथं रुपया चालायचा. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना.

बरं, तिथली मेट्रो सुंदर आहे, बिनचालकाची, वेळेवर. रात्री अकराला आम्ही दोघी बायका बिनधास्त फिरलो. तेही नाकारत नाही. खाडी ओलांडायला एका दिरहमची होडी आहे, त्यात सूटवाला आणि हमाल मांडीला मांडी लावून बसतात, ते मला त्या टॉवरपेक्षा जास्त आवडलं.

आणि तो माणूसही दुबईला शिव्या देत नव्हता. ह्या पैशावर बहिणीचं लग्न झालं, मुलगी नर्सिंगला आहे, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मला वाईट वाटून घ्यायचा काय अधिकार, असंही तेव्हा मनात आलं. पण कुठं राहतोस विचारल्यावर तो म्हणाला, 'सोनापूर,' आणि आई दचकली. कागदोपत्री मुहैस्ना, कामगार सगळे सोनापूरच म्हणतात. तिचं माहेर गिरगावचं. तिच्या लहानपणी सोनापूर म्हणजे स्मशान. ती त्याला काही बोलली नाही, नुसता त्याचा हात धरून बसली.

निघताना तिनं पन्नास दिरहम काढले. त्यानं घेतले नाहीत. नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला. टॅक्सी आली, आत गार हवा लागली आणि मी डोळे मिटून घेतले. ते अजून सलतं. कदाचित ग्रुपवर चिडलेय त्यात निम्मा राग माझ्यावरचाच असेल.

दुपारी तो व्हिडिओ आईला दाखवला. कारंजी तिनं बघितलीच नाहीत. 'थांबव जरा. खालून चौथी पट्टी कुठली?' रोषणाईत पट्ट्या काही कळत नव्हत्या. तिनं दोनदा व्हिडिओ मागं नेऊन पाहिला, मग फोन परत दिला. म्हणाली, 'दिवसा काढलेला असेल बघ तुझ्याकडे एखादा.'

तो शोधतेय.