नळाला मीटर आहे, मोरीला नाही

पाण्याचा विषय निघाला की आपण गोंयकार दोनच गोष्टींवर येतो: म्हादई नदीचा वाद आणि कोरडा नळ. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, वादच नाही. पण घरात आलेलं पाणी मोरीतून पुढे जातं कुठे, यावर चतुर्थीला अख्खं कुटुंब जमलेलं असतानाही कुणी अवाक्षर काढत नाही. विषय घाण ना!

2021 च्या स्वातंत्र्यदिनी सरकारने महिन्याला 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा केली आणि सप्टेंबरपासून ती लागू झाली. योजनेच्या राजकारणात मला शिरायचं नाही. आकडा मात्र हिशेबाला सोयीचा आहे. चार माणसांच्या घरात माणशी दिवसाला 133 लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचा देशातला मापदंड माणशी 135 लिटर आहे, म्हणजे आकडा अगदीच हवेतला नव्हता. आता दुसरी बाजू बघा. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरूनच अभियंते गटारवाहिन्या आखतात. म्हणजे त्याच घरातून महिन्याला 12 हजार 800 लिटर. आत आलेल्या प्रत्येक लिटरची नोंद मीटरवर आणि बिलावर आहे. बाहेर गेलेल्याची कुठेच नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. साळावली, ओपा, अस्नोडा, चांदेल, दाबोस इथून पाणी ओढून, गाळून, क्लोरिन मारून वाड्यावाड्यावर पोचवणं सोपं काम नव्हे. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा तिसवाडी आणि फोंड्याने ऐन पावसात बादल्या घेऊन टँकरची वाट पाहिली. वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात! पण 'हर घर'मधून जे बाहेर पडलं त्याला असं कुठलं प्रमाणपत्र नाही.

मग ते जातं कुठे? आपल्याकडे बहुतेक घरांत सेप्टिक टँक आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, म्हणजे सोकपिट. जमीन जांभ्याची, छिद्राछिद्रांची. चिऱ्याच्या खाणीत पाऊस पडला की पाणी कसं गडप होतं ते आपण बघतोच; सोकपिटाचं पाणीही तसंच गडप होतं आणि कमी गाळलं जाऊन विहिरीच्या दिशेने सरकतं. पावसाळ्यात किनारपट्टीच्या गावांत भूजल इतकं वर येतं की सोकपिटाला पाणी मुरवायला जागाच उरत नाही. आषाढात कुठल्याही बाजारगावात रस्त्याच्या कडेने चाला. कंपाउंडच्या पायथ्याशी भिंतीतून डोकावणारा चार इंची पाइप दिसेल, तोंडाशी शेवाळ धरलेलं, आणि खाली पावसाच्या गटारात करडा फेस. पावसाच्या पाण्यात सगळं खपून जातं असा हिशेब. ते गटार ओहोळाला मिळतं, ओहोळ नदीला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत गोव्यातले 11 नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदले गेले, त्यात साळ नदीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा आहे. तिसऱ्या, खुबे, शिणाणे हे शिंपले पाणी गाळूनच पोट भरतात. नदीत जे असेल ते त्यांच्यात, आणि मग सुक्याच्या वाटीतून आपल्यात.

पूर्वी न्हाणीचं पाणी चर काढून केळीला, माडाला, तेऱ्याला जायचं. ती व्यवस्था उत्तम होती, पण ती राखेने भांडी घासणाऱ्या, विहिरीतून कळशीने पाणी ओढणाऱ्या घराची. वॉशिंग मशिनचं साबणपाणी आणि तीन फ्लशचा बंगला तिच्यावर लादता येत नाही. माझ्या ओळखीतले काही जण अजून 'आमचं पाणी आमच्या माडांना जातं' असं छातीठोक सांगतात. माडांना किती आणि शेजाऱ्याच्या विहिरीला किती, हे जमिनीखाली कुणी बघितलंय?

दोनेक वर्षांपूर्वी एका मलनिस्सारण प्रकल्पावर जायचा योग आला. नाकाला रुमाल लावून गेलो आणि थोड्या वेळाने तो खिशात टाकला. वास जो काय होता तो सुरुवातीच्या जाळीपाशी, जिथे प्लास्टिक, कापडाच्या चिंध्या आणि सॅनिटरी पॅड अडकतात. (हे पॅड संडासात टाकणारे आपणच, बरं का.) पुढे वाळू बसते आणि मग मोठ्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. एसबीआर (सिक्वेन्शिअल बॅच रिअ‍ॅक्टर) पद्धतीत एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरतात, हवा देतात, निवळू देतात आणि वरचं नितळ पाणी काढून घेतात. तिथल्या ऑपरेटरने टाकीतलं तपकिरी पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात भरलं आणि टेबलावर ठेवलं. 'अर्धा तास थांबा,' म्हणाला. थांबलो. आधी सगळं ढवळलेल्या चहासारखं. मग हळूहळू रवाळ गोळे धरत गेले, खाली बसत गेले. अर्ध्या तासाने तळाला तपकिरी थर आणि वर पलीकडची भिंत दिसेल इतकं स्वच्छ पाणी. गाळ किती खुणेपर्यंत बसला यावरून तो टाकीतल्या जिवाणूंची तब्येत सांगत होता. कुणी घाऊक अ‍ॅसिड किंवा फिनेल ओतलं, हॉटेलातून तेल आलं, तर दुसऱ्या दिवशी गाळ नीट बसत नाही म्हणाला.

पणजीत टोंकचा जुना एसबीआर प्रकल्प 12.5 एमएलडीचा, म्हणजे दिवसाला सव्वा कोटी लिटरचा. वरचा हिशेब लावला तर साधारण 29 हजार घरांचं सांडपाणी. त्यामुळे तंत्रज्ञान नाही, ही सबब चालणार नाही. 2008 पासून गोव्यात मलनिस्सारण वाहिनी दारात आली की जोडणी घेण्याविषयीचा कायदाही आहे. तरी लोक टाळतात: अंगण खणावं लागतं, लाद्या फुटतात, प्लंबरचा खर्च, आणि 'आमची टाकी अजून भरली नाही'.

आणि गावात प्रकल्प येणार म्हटलं की ग्रामसभेत विरोध. या विरोधाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. लोकांनी अर्धवट पडलेली कामं पाहिली आहेत, मध्यरात्री शेतात मैला सोडणारे टँकर पाहिले आहेत. त्यांनी विश्वास ठेवायचा तो कशावर?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बाहेर जाणारं पाणी लोकांना दिसू द्या. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये अशा प्रकल्पांतून सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची) मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आखून दिली. आजचा आकडा किती, तो प्रकल्पाच्या फाटकावर रोज लावा, मराठी-कोंकणीत, ठळक अक्षरांत. पेट्रोलचा दर लावतात तसा. चुकला तर चुकलेलाही लावा. आणि पाण्याच्या बिलावर खाली एक ओळ घाला: तुमच्या घरातून अंदाजे इतकं सांडपाणी गेलं, ते अमुक प्रकल्पात पोचलं, किंवा कुठेच पोचलं नाही. त्या ओळीसाठी मलनिस्सारण आकार थोडा वाढला तरी मी कुरकुर न करता भरीन. फुकट पाण्यापेक्षा तो सौदा मला परवडतो.

शुद्ध केलेलं पाणी नदीत सोडून देण्यालाही माझा आक्षेप आहे. नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं, दिवसाला 130 एमएलडीची ती योजना. 2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर अशा प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना हेच पाणी वापरायला सांगितलं आहे. आपल्याकडे कोळशावरचं वीज केंद्र नाही, पण बांधकामं आहेत, औद्योगिक वसाहती आहेत, हॉटेलांची हिरवळ आहे. एप्रिल-मेमध्ये पेडण्यात बायका घागरी घेऊन टँकरपाशी उभ्या असतात, आणि त्याच काळात नव्या स्लॅबवर आणि लॉनवर पिण्याचं पाणी मारलं जातं. ते पाणी साबांखाने (सार्वजनिक बांधकाम खात्याने) गाळलेलं असो की टँकरवाल्याने विहिरीतून उपसलेलं, मला दोन्ही चालत नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत पुढच्या महिन्यात सेप्टिक टँक उपसण्याचं कंत्राट मंजुरीला येतंय. तीन दरपत्रकं आली आहेत, सगळ्यात स्वस्त कोण यावर बहुतेकांचं ठरलेलंच आहे. मी एक अट लिहून दिली आहे: प्रत्येक फेरीमागे मैला कुठल्या प्रकल्पात रिकामा केला त्याची शिक्क्यासह पावती, नाहीतर बिल द्यायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, 'अशी पावती आजवर कुणी मागितली नाही हो.' तुमच्या सोसायटीत कुणी मागितली असेल, तर टँकरवाला काय म्हणाला ते खाली जरूर लिहा.