पाटीवर ‘हातानं बनवलेलं’, टेबलावर साच्यातलं

दर डिसेंबरात तेच. कोल्हापुरात हस्तकलेचं प्रदर्शन लागतं, मी नाताळच्या भेटवस्तू घ्यायला हौसेनं जाते आणि चिडून परत येते. पाटीवर ‘हातानं बनवलेलं’. आणि टेबलावर? एकाच साच्यातून निघालेल्या चांदण्या, शेजारच्या तिन्ही स्टॉलवर त्याच. उलटून बघितलं तर कारखान्याचं स्टिकर खरवडलेलं!

परवा तर कहर झाला. रेक्झिनच्या चपला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून मांडलेल्या. आमच्याच गावात! अहो, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीनं शिवलेलं, तिला कोल्हापुरी म्हणतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांसाठी. ते नाव असं कुठल्याही मालावर चिकटवायचं?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर कोपऱ्यात एक मावशी क्रोशाच्या घंटा घेऊन बसल्या होत्या. एक विणायला अख्खी संध्याकाळ जाते. गिऱ्हाईक त्यांनाच ऐकवतंय, “पलीकडं ३० रुपयाला मिळतंय की, तुमचंच एवढं महाग का?” पलीकडचं साच्यातलं आहे हो! मावशींचा उतरलेला चेहरा बघवेना. संयोजकांनी स्टॉल देताना नुसतं भाडं बघू नये, वस्तू कोण बनवतं तेही विचारावं. एवढं अवघड आहे का ते?

मी ८ घंटा घेतल्या. एक रुपया कमी करा म्हटलं नाही.