‘फादर हेडमास्तर’ या फॉरवर्डला उत्तर

आमचे सर गेले आणि तिसऱ्या दिवशी तो मेसेज आला. आधी गावच्या ग्रुपवर, मग माजी विद्यार्थ्यांच्या, मग चक्क माझ्या सोसायटीच्या. वर सरांचा चर्चमधला फोटो, खाली मजकूर: मिशन शाळेचे हेडमास्तर म्हणजे कोटातले फादर, पात्रता नसताना नेमलेले, सरकारी अनुदान चर्चच्या खिशात, शाळा हे निमित्त, धर्मांतर हा धंदा, मराठीला यांनी काय दिलं?; आणि शेवटी, ‘दफनालाही फक्त त्यांचेच लोक होते.’ नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलो. त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे सर फादर नव्हते. फादर म्हणतात कॅथलिक धर्मगुरूला, आणि ते लग्न करत नाहीत. सरांना तीन मुली. ते अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट मंडळीचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, ‘वडील’ होते, म्हणजे मंडळीच्या कारभारात निवडून दिलेले साधे सभासद. उपासना पाळकसाहेब चालवायचे. सर जमाखर्च बघायचे, पावसाळ्याआधी कौलं शाकारून घ्यायचे आणि पाळक रजेवर असले तर उपदेश करायचे. लिहिणाऱ्याला एवढाही फरक माहीत नाही, यावरून पुढच्या मजकुराचा अंदाज यावा.

पात्रतेचं म्हणाल तर यात अर्धा दाणा खरा आहे. 1977 च्या महाराष्ट्रातल्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यात अल्पसंख्याक शाळेला आपला मुख्याध्यापक निवडण्यापुरती मोकळीक आहे. म्हणजे ज्येष्ठता यादीतला पहिलाच घ्या अशी सक्ती नाही. पण मोकळीक निवडीची आहे. किमान पात्रता सरकार ठरवू शकतं, अल्पसंख्याक संस्थांनाही, हे सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी 2002 साली स्पष्ट केलंय. सर बी.एड. होते, बावीस वर्षं गणित शिकवून मग त्या खुर्चीत बसले.

अनुदानाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. अनुदानित शाळेत सरकार देतं तो मुख्यतः पगार, आणि आता तो शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात पडतो. मधे चर्चची पेटी येतच नाही. उलट राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार अशा शाळेत कुणालाही, किंवा मूल लहान असेल तर पालकाला, विचारल्याशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आणि 29 व्या कलमानुसार धर्म बघून प्रवेश नाकारता येत नाही. आमच्या शाळेत बायबलचा तास शनिवारी शेवटचा असायचा. ज्यांना नको ते मैदानावर. मी सहाही वर्षं मैदानावरच होतो, आणि सरांनी त्याचं कारण एकदाही विचारलं नाही. (गणिताच्या तासाला मैदानावर सापडलो तेव्हा मात्र छडी बसली. छडीच्या बाबतीत सर जुन्या वळणाचे होते, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.)

आता धर्मांतर. हा मुद्दा झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. मिशनरी धर्मप्रसारासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशांनी आपली मुलं काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. लोकांचा संशय तेव्हा हवेतून आला नव्हता.

पण त्याच शाळांतून दुसरं काय निघालं, ते मेसेजमध्ये नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा काढण्याआधी त्यांनी नगरला जाऊन अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. या फॅरारबाई 1839 पासून नगरला होत्या आणि 1862 मध्ये वारल्या त्याही तिथेच. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती झालं नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये काढला तो सत्यशोधक समाज.

आणि तेव्हा दुसरीकडे काय चालू होतं? 1856 मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. सरकारी शाळेत. अशा काळात जी शाळा दार उघडते तिच्या चालकाच्या मनात काय आहे, हा प्रश्न उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या पोराला पडत नाही, आत बसलेल्याला पडतो.

आकडा हवा असेल तर 2011 ची जनगणना बघा. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत, 0.96 टक्के. नगरला मिशन आलं 1831 मध्ये. एकशे ऐंशी वर्षं चाललेला धंदा इतका तोट्यात असेल तर मालकाने तो कधीच बंद केला असता.

मराठीला काय दिलं, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाने विचारावं याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं मराठी नियतकालिक 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. त्याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. तिला दुसरं कोण छापणार होतं? बाबा पदमनजींनी विधवांच्या हालांवर ‘यमुनापर्यटन’ लिहिली 1857 मध्ये. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचंच नाव घेतो. रेव्हरंड टिळक नगरचेच झाले. त्यांची अभंगाच्या वळणाची गाणी आजही मंडळीत पेटी-तबल्यावर म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपण विठ्ठलाच्या देवळात आहोत असंच वाटतं. सर ती भसाड्या आवाजात म्हणायचे. सूर सोडून सगळं बरोबर असायचं.

निवृत्तिनाथांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तिच्या मागेपुढे छोट्या दिंड्या असतात, आणि त्यातल्या एकीचा मुक्काम पावसाने घोळ घातला की आमच्या शाळेत पडायचा. सर स्वतः किल्ल्या घेऊन यायचे. बाक बाहेर काढायचे, वर्ग झाडायचे, टाकी भरून ठेवायची. हे काम नववीच्या पोरांकडे. एका वर्षी मंडळीतल्याच एकाने हरकत घेतली की मिशनच्या इमारतीत टाळ कशाला. सर म्हणाले, ‘भिजलेल्या माणसाला कोरडी जागा लागते, एवढंच बायबलात आहे.’ असं वाक्य बायबलात नाही, हे त्या गृहस्थांनाही माहीत होतं. विषय तिथेच संपला.

राहिला दफनाचा मुद्दा. मी तिथे होतो. दफनभूमीच्या फाटकापर्यंत मूठमाती द्यायला रांग होती. भजनी मंडळाचे बुवा होते, मुलाणी टेलर होते, पंचायत समितीतले दोन कारकून होते, आणि सरांकडे दहावीला तीनदा बसलेला आमच्या वर्गातला एकजण ट्रक रस्त्यात लावून आला होता. चपला काढायच्या की नाही हे बुवांना कळेना. पाळकसाहेब म्हणाले, ‘असू द्या, चालतं.’ बुवांनी तरी काढल्या, मागच्यांनी त्यांचं बघून काढल्या, आणि शेवटी पाळकसाहेबही अनवाणी उभे राहिले.